पेटीतला कॅमेरा क्लासिक कधी ठरतो?

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातल्या कोंढ्यात आणि त्यासारख्या कितीतरी गावांत फोटोचा इतिहास लोखंडी पेट्यांत पडून आहे. चामडी खोळीतला यशिका, कोणाच्या तरी पहिल्या पगारातून आलेला आग्फा क्लिक, बंद पडलेल्या स्टुडिओतला पडदा आणि तिपाई, पाकिटांत चिकटून बसलेल्या निगेटिव्ह. काही वर्षांपूर्वीपर्यंत या वस्तूंना कोणी विचारत नव्हते. आता शहरातली तरुण मुले पुन्हा रोल टाकून फोटो काढू लागली आहेत. जुने कॅमेरे ऑनलाइन विकले जातात आणि तिथे जवळजवळ प्रत्येकापुढे ‘क्लासिक’ हे बिरुद लावलेले दिसते. त्यामुळे पेटी उघडणाऱ्या घरापुढे तीन वाटा असतात : भंगारात घालावा, येईल त्या भावाला विकावा, की जपून ठेवावा? याचे उत्तर द्यायचे तर आधी एक गोष्ट ठरवायला हवी. जुना फिल्म कॅमेरा क्लासिक कशाने ठरतो?

सगळ्यांत सोपे माप वयाचे आहे. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यातही साधारणपणे शंभर वर्षांची अट आहे. पण हे माप लावले तर आपल्या घरांतला जवळजवळ एकही कॅमेरा त्यात बसत नाही. लायका पहिल्यांदा बाजारात आला १९२५ मध्ये, जर्मनीतल्या लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत. दोन भिंगांचा रोलायफ्लेक्स आला १९२९ मध्ये आणि व्यावसायिकांचा लाडका निकॉन एफ १९५९ मध्ये. आग्फा क्लिक आणि यशिकाचे बहुतेक कॅमेरे त्यानंतरच आपल्याकडे आले. शिवाय वय वाढले म्हणून वस्तूचा गुण वाढत नाही. निकृष्ट भिंगाचा, ढिल्या शटरचा कॅमेरा पन्नास वर्षांनीही तसाच निकृष्ट राहतो. वयामुळे कॅमेरा जुना होतो, एवढेच म्हणता येईल.

दुसरे माप किमतीचे. जून २०२२ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलरच्या लिलावात लायकाच्या शून्य मालिकेतला १०५ क्रमांकाचा कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला. तो लायकाचा जनक ऑस्कर बार्नाक याने स्वतः वापरलेला होता आणि त्या मालिकेत चाचणीसाठी जेमतेम दोन डझन कॅमेरे बनले होते. ही किंमत दुर्मिळतेची आणि मालकाच्या नावाची आहे. दुसऱ्या टोकाला पेंटॅक्स के-१००० आहे. १९७६ ते १९९७ या काळात तो तीस लाखांहून अधिक संख्येने बनला. तो दुर्मिळ नाही आणि कधी फार महागही नव्हता. तरीही जगभरच्या फोटोग्राफीच्या वर्गांत दोन-तीन पिढ्या त्याच्यावर शिकल्या. दुर्मिळता हेच माप धरले, तर ज्या कॅमेऱ्याने सर्वाधिक लोकांना फोटो काढायला शिकवले तोच यादीबाहेर जातो.

म्हणून संग्राहकांना दोष देणे मात्र बरोबर नाही. मुंबईचे दिलीश पारेख यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद गिनेस बुकात झाली. गुरुग्राममध्ये २०१९ साली ‘म्यूझिओ कॅमेरा’ हे संग्रहालय उभे राहिले, त्यामागेही आदित्य आर्य या छायाचित्रकाराचा वर्षानुवर्षांचा संग्रह आहे. लोक डिजिटलकडे वळत असताना अशा माणसांनी जुने कॅमेरे उचलले नसते, तर त्यांतले बरेचसे भंगारात गेले असते. बाजारात भाव येतो तेव्हा वस्तू वाचते, हेही खरे. पण भाव हा आजचा कल सांगतो. एखाद्या नटाच्या किंवा गायिकेच्या हातात एखादा कॅमेरा दिसला की त्याची किंमत चढते आणि पुढे उतरतेही. त्या चढ-उतारात कॅमेऱ्याच्या आत काहीच बदललेले नसते.

तिसरे माप शोधाचे. जो आधी आला आणि ज्याने रीत बदलली, तो क्लासिक. या मापात मोठे तथ्य आहे. बार्नाकने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी धावेल अशी व्यवस्था केली आणि सिनेमाच्या दोन चौकटींएवढी, म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरची, एक चौकट घेतली. त्याला दम्याचा त्रास होता आणि काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा उचलून डोंगर चढणे जमत नव्हते. त्या अडचणीतून हलका, खिशात मावणारा, एका रोलवर ३६ फोटो देणारा कॅमेरा जन्माला आला. त्यानंतर फोटो रस्त्यावर, बाजारात, सभेत, धावत्या माणसांतही निघू लागले. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा असाच आहे. त्यावर १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. तो कॅमेरा चलच्चित्राचा असला, तरी त्याचे मोल ठरले ते त्याने मराठी माणसाच्या हातून काय घडवले यावरून.

पण शोधाचे माप एकटे पुरे पडत नाही. पहिला प्रयत्न बहुधा कच्चा असतो. पुढे तो कोणी पक्का करतो, कोणी स्वस्त करतो, कोणी गावापर्यंत पोहोचवतो. लायकाचा १९५४ चा एम-३ हा पहिला लायका नव्हता. त्याआधीच्या तीन दशकांचा अनुभव त्यात मुरला होता, म्हणून तो श्रेष्ठ ठरला. अमेरिकेत कोडॅकने १९०० मध्ये एका डॉलरला ब्राउनी विकायला काढला, तेव्हा त्यात तांत्रिक नवलाई फारशी नव्हती. नवे होते ते एवढेच, की सामान्य घरातले मूलही फोटो काढू शकत होते.

चौथे माप घडणीचे, आणि इथे जरा थांबायला हवे. उत्तम फिल्म कॅमेऱ्याची घडण हाताला कळते. रोल पुढे सरकवणारी मूठ एका लयीत फिरते, शटरचा आवाज कोरडा आणि नेमका असतो, भिंगाची कडी घट्टही नाही आणि सैलही नाही अशी वळते. पण याहून महत्त्वाची गोष्ट ही की त्याची रचना उघडून समजून घेता येते. स्प्रिंग, दाते, पडदा, आरसा, प्रिझम : कुशल मिस्त्री हे सगळे सुटे करू शकतो, साफ करू शकतो, पुन्हा जोडू शकतो. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी परदेशी यंत्राकडे पाहत न बसता चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्या काळचे यंत्र माणसाच्या बुद्धीला आणि हाताला खुले होते, म्हणूनच चित्रकाराच्या कारखान्यात ते बनू शकले.

याउलट विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतले कितीतरी स्वयंचलित कॅमेरे आहेत. त्यांतल्या काहींची भिंगे अप्रतिम आहेत आणि फोटो पाहून मन प्रसन्न होते. पण आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी एकदा जळली की सुटा भाग मिळत नाही आणि मिस्त्रीही हात टेकतो. ते कॅमेरे चांगले होते हे मान्यच करायला हवे. मात्र त्यांचे आयुष्य त्यांच्या कारखान्याच्या आयुष्याला बांधलेले होते.

विदर्भात हे माप अधिक कडक होते. मे महिन्यातले ऊन पंचेचाळीस अंशांपर्यंत जाते, तेव्हा शटरमधले जुने तेल पातळ होऊन पात्यांवर पसरते आणि पुढे वाळून चिकटते. मग एक सेकंदाचे शटर दोन-तीन सेकंद उघडे राहते. पावसाळ्यात धानाच्या बांध्या आणि तलाव तुडुंब भरतात, हवेत ओल राहते आणि बंद खोळीतल्या भिंगावर बुरशीचे जाळे धरते. चामडी खोळ कॅमेऱ्याला जपते असे वाटते, पण ओल धरून ठेवण्यात तिचाच हात मोठा. अशा हवेत चाळीस-पन्नास वर्षे काढून जो कॅमेरा साफसफाईनंतर पुन्हा नेमका चालू लागतो, त्याच्या घडणीचा पुरावा आणखी कुठे शोधायची गरज नाही.

आता पाचवे माप : कॅमेऱ्याने केलेले काम. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी रोलायफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिक घेऊन स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा आणि त्यानंतरचा भारत टिपला. त्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. रोलायफ्लेक्स कमरेशी धरून वरून काचेत पाहायचे असते. त्यामुळे छायाचित्रकार मान झुकवून उभा राहतो आणि समोरच्या माणसावर डोळा रोखला जात नाही. त्या चित्रांतली मोकळी माणसे पाहताना यंत्राच्या या ठेवणीचाही वाटा असावा, असे वाटते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. चित्र माणूस काढतो, कॅमेरा नाही. गौतम राजाध्यक्ष यांचे ‘चेहरे’ पाहताना कोणता कॅमेरा होता, असे कोणी विचारत नाही. उत्तम छायाचित्रकार सामान्य कॅमेऱ्यानेही अविस्मरणीय चित्र काढतो आणि एम-३ गळ्यात अडकवणारा प्रत्येक जण कलावंत होत नाही. हा आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते. एका थोर माणसाच्या हातातला कॅमेरा प्रसिद्ध होतो, पण हजारो सामान्य हातांनी ज्यावर पोटापाण्याचे आणि घरच्या आठवणींचे काम केले, त्या कॅमेऱ्याचा गुण त्या हजारांच्या कामातून सिद्ध होतो.

कोंढा परिसराकडे या नजरेने पाहावे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले आणि प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. त्या वेळी कोणता थर कुठे होता आणि कोणता शिल्पखंड कसा निघाला, याचा सगळा छायाचित्र-पुरावा फिल्मवरचा आहे. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. बुडितात गेलेल्या गावांची त्याआधीची घरे, देवळे, पार आणि लग्नाचे मांडव ज्या फोटोंत दिसतात, तेही फिल्मवरचेच आहेत. ते बहुतेक कोणा नामवंताने काढलेले नाहीत. कोणा पाहुण्याने, शिक्षकाने किंवा तालुक्याच्या फोटोवाल्याने काढलेले आहेत. दहावीच्या फॉर्मवरचा फोटो, नवरा-नवरीची जोडी, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत नटून आलेले कुटुंब, दंडार या लोकनाट्यातले नट : झाडीपट्टीचे, म्हणजे या पूर्व विदर्भाचे, चेहरे आपल्यापर्यंत आले ते अशा हातांतून.

हे काम मुख्यतः दोन प्रकारच्या कॅमेऱ्यांनी केले. स्टुडिओत यशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा असे. त्यातला मॅट १२४ जी १९७० ते १९८६ या काळात बनला. १२० रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो, मोठी निगेटिव्ह आणि बॅटरी संपली तरी चालणारे शटर. फक्त प्रकाश मोजणारा काटा थांबे आणि फोटोवाला नजरेने उजेड ठरवी. ज्या गावात नवी बॅटरी कधी मिळेल याचा नेम नव्हता, तिथे हा मोठा गुण होता. घरोघरी मात्र असे तो बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक-३. त्याचे भिंग साधे होते आणि ऊन-ढगाच्या खुणा पाहून निवड करायची. तोही १२० रोलवर बारा फोटो देई. निगेटिव्ह मोठी असल्यामुळे ती थेट कागदावर ठेवून छोटी कॉपी काढता येई, एन्लार्जरचा खर्च टळे. पुढे हॉट शॉटसारखे छोटे कॅमेरे आले आणि ‘खटॅक’ हा त्यांच्या जाहिरातीतला शब्द घराघरांत गेला. पण त्यांची फिल्म इतकी लहान होती की फोटो मोठा केला की चेहरे विरत.

ही सगळी मापे एकमेकांसमोर ठेवल्यावर आमचे मत असे बनते की क्लासिक म्हणवण्यासाठी कॅमेऱ्याने तीन गोष्टींत उतरले पाहिजे. एक, त्याची रचना उघडता, समजता आणि दुरुस्त करता यावी. दोन, त्याने लोकांच्या गरजेचे, टिकाऊ काम केलेले असावे. तीन, आज मिळणारा रोल भरून तो आजही फोटो देऊ शकावा. वय, किंमत आणि कंपनीचे नाव या तिन्हींच्या मागे येतात.

या कसोटीवर लायका एम-३ आणि रोलायफ्लेक्स सहज उतरतात. त्यांचा मान निव्वळ श्रीमंतांच्या हौसेतून आलेला नाही. १९८२ ते २००१ या काळात बनलेला निकॉनचा एफएम-२ उतरतो, कारण बॅटरीवाचूनही त्याचे शटर सगळ्या वेगांना चालते. पेंटॅक्स के-१००० आणि यशिका मॅट तर या कसोटीचे आदर्शच म्हणावेत. यशिकाचाच इलेक्ट्रो ३५ मात्र उंबरठ्यावर राहतो. १९६६ मध्ये आलेल्या या कॅमेऱ्याचे भिंग सुंदर आहे, पण तो बॅटरीवर फार अवलंबून आहे आणि त्याची मूळ पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. जोडणी करून दुसरी बॅटरी बसवता येते, म्हणून त्याला बाहेर काढणे अन्यायाचे होईल. पण घेताना सावध राहावे.

सगळ्यांत अवघड निवाडा आग्फा क्लिकचा आहे. त्याच्या विरुद्ध बोलणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. भिंग साधे, फोटोच्या कडा पुसट, सावलीत फोटो अंधारा. घडणीत तो एम-३ च्या जवळपासही नाही, हे स्पष्ट म्हणायला हवे. तरीही त्यात बिघडण्यासारखे फारच थोडे आहे आणि १२० रोल आजही बनतो. कोडॅकने २०२२ मध्ये गोल्ड २०० हा रंगीत रोल या मापात नव्याने आणला. ज्या अंगणांत दुसरा कोणताच कॅमेरा पोहोचला नाही, तिथे क्लिक पोहोचला. आमच्या मते तो क्लासिक आहे, पण लोकांचा क्लासिक म्हणून. कारागिरीचा नमुना म्हणून त्याला पुढे करणे अतिशयोक्ती होईल. हॉट शॉटबद्दल जिव्हाळा असला तरी फोटोच्या टिकाऊपणात तो मागे पडतो. त्याला आठवण म्हणून जपावे.

याच्याही पुढचा प्रश्न असा की हे सगळे आज हवेच कशाला. मोबाइलने जे केले ते फिल्मला कधीच जमले नसते. मजुरी करणाऱ्या बाईच्या हातातही आज कॅमेरा आहे आणि लेकराचा फोटो काढायला तिला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. फिल्म मात्र महाग आहे. रोल आणि तो धुण्याचा खर्च धरला तर एकेका फोटोला तीस-चाळीस रुपये सहज पडतात. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात ‘इंदू’ नावाने देशी फिल्म बनत असे. तो कारखाना बंद झाला आणि आता आपण पूर्णपणे आयातीवर आहोत. रोल धुण्याच्या रसायनांची विल्हेवाट जपून लावावी लागते, ती नालीत सोडणे चूक. शाळेतल्या मुलांना फोटोग्राफी शिकवायची तर सुरुवात मोबाइलनेच व्हावी, असे आम्हालाही वाटते.

पण जुना कॅमेरा चालू ठेवणे म्हणजे मोबाइलला विरोध करणे नव्हे. बारा फोटोंचा रोल हातात असला की प्रत्येक फोटोआधी उजेड पाहावा लागतो, माणसाला उभे राहायला वेळ द्यावा लागतो, निवड करावी लागते. शिकणाऱ्याला ही शिस्त उपयोगी आहे. आणि निगेटिव्ह ही हातात धरता येणारी मूळ प्रत आहे. नीट ठेवली तर ती अनेक दशके टिकते आणि तिच्यावरून पुन्हा कॉपी काढता येते. हरवलेल्या मोबाइलबरोबर गेलेले फोटो परत मिळत नाहीत, हा अनुभव आता घरोघरी आहे. मोठ्या कंपन्यांनाही अजून फिल्मवर भरवसा वाटतो, नाहीतर पेंटॅक्सने २०२४ मध्ये ‘१७’ हा नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला नसता.

म्हणून कोंढा परिसरातल्या आणि एकूणच झाडीपट्टीतल्या घरांना आमची विनंती आहे. पेटीत कॅमेरा सापडला तर भंगारवाल्याला देण्याआधी मागचे झाकण घाईने उघडू नका. आत रोल असू शकतो आणि उजेड लागताच तो जाईल. रोल पुढे नेण्याची कळ फिरवून पाहा. ताण लागला तर अंधाऱ्या खोलीत रोल काढून नागपूरच्या किंवा मुंबईच्या चालू लॅबमध्ये पाठवा. भिंगातून उजेडाकडे पाहा, पांढरे जाळे दिसले तर ती बुरशी आहे आणि तो कॅमेरा इतर कॅमेऱ्यांपासून वेगळा ठेवा. पावसाळ्यात चामडी खोळ काढून टाका आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. शटरला तेल घालू नका, ते काम मिस्त्रीचे. विकायचाच असेल तर आधी तो चालतो का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. नुसत्या ‘क्लासिक’ या शब्दावर घेऊही नका आणि देऊही नका.

बंद झालेल्या स्टुडिओंच्या मालकांना वेगळी विनंती. तुमच्याकडच्या निगेटिव्ह कॅमेऱ्यापेक्षा मोलाच्या आहेत. त्या फेकू नका. ज्यांचे फोटो आहेत त्या कुटुंबांना कळवा. ओळखणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर पाकिटांवर नाव, गाव आणि साल लिहून घ्या. तालुक्यातल्या महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी त्यांच्या डिजिटल प्रती करून ठेवण्याचे काम हाती घ्यावे, त्याला फार मोठा निधी लागत नाही. आणि कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली दोन-चार मुलांनी शिकावे. दुरुस्त करणारा हात उरला नाही, तर आज क्लासिक ठरलेला कॅमेराही उद्या कपाटातली शोभेची वस्तू होईल.